पैसा कोणाच्या नावावर? ठाणे-कल्याण पट्ट्यातील मनोरुग्णांच्या अर्थसाहाय्याचा इतिहास

रेल्वेने ठाणे ते कल्याण हे अंतर जेमतेम वीस किलोमीटर. पण मानसिक आजार जडलेल्या माणसासाठी सरकारने पैसा कसा आणि कोणाकडे पाहून खर्च केला, हे समजून घ्यायला एवढा पट्टा पुरेसा आहे. ठाण्यात १९०१ पासूनचे मनोरुग्णालय आहे. वागळे इस्टेट, डोंबिवलीची एमआयडीसी, मोहोन्याची एनआरसी कंपनी या भागांत कामगार विम्याच्या आधारावर दोन पिढ्या जगल्या. डोंबिवलीत रेल्वे, बँका आणि मंत्रालयात नोकरी करून निवृत्त झालेल्यांची घरे गल्लोगल्ली आहेत. आणि ठाणे असो की कल्याण, तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचे टेबल आहेच. या चारही ठिकाणांहून मनोरुग्णासाठी पैसा निघाला आहे. मात्र तो निघताना मनोरुग्ण कधी रुग्णालयातली खाट होता, कधी विमेदार कामगार, कधी सरकारी नोकराचा मुलगा, कधी कंगाल घरातला एक निराधार. आजाराने माझी कमावण्याची ताकद नेली, म्हणून जगण्यापुरता पैसा माझ्या हक्काने मला द्या, असे म्हणणाऱ्या प्रौढ माणसासाठी मात्र या पट्ट्यात कधीच दार नव्हते. आजही जे आहे ते अर्धेच उघडे आहे. ते तसे का राहिले, याचे कारण सरकारच्या गरिबीत नाही. ते कायद्यांच्या घडणीत आहे, आणि ही घडण दीडशे वर्षांपूर्वीची आहे.

१८५८ साली, कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य येण्याच्या सुमारास, वेडाविषयीचे तीन कायदे झाले. त्यांतला ३५ क्रमांकाचा कायदा जिल्हा न्यायालयांसाठी होता. ज्याच्या नावावर जमीनजुमला आहे त्याच्या मनाची चौकशी करायची आणि मालमत्तेवर देखरेख करणारा नेमायचा, हे त्याचे काम. ३६ क्रमांकाचा कायदा वेड्यांच्या इस्पितळांचा. ज्याच्यामागे काही नाही, जो रस्त्यावर भटकताना सापडला, त्याची रवानगी त्याखाली व्हायची. म्हणजे पहिल्याच पायरीवर कायद्याने दोन वाटा केल्या: इस्टेट असलेल्याची इस्टेट सांभाळायची आणि नसलेल्याला भिंतीआड ठेवायचे. मुंबईत कुलाब्याचे इस्पितळ अपुरे पडू लागल्यावर ठाण्याजवळ नौपाड्याला नवे इस्पितळ उभे राहिले. नरोत्तम माधवदास यांच्या देणगीमुळे त्यांचेच नाव त्याला मिळाले. शहराच्या गजबजाटापासून दूर, मोकळी हवा आणि भरपूर जमीन म्हणून ही जागा निवडली गेली. पुढे या एका संस्थेने ठाण्याच्या नावाला जो अर्थ चिकटवला तो मराठी घरांत अनेक दशके टोमण्यासारखा वापरला गेला, आणि ठाणेकरांनी तो निमूट ऐकून घेतला.

१९१२ चा भारतीय वेडेपणाचा कायदा वाचताना पैशाविषयीची कलमे मुद्दाम पाहावीत. त्यात रुग्णांच्या खर्चाचे स्वतंत्र प्रकरण आहे. भटकताना सापडलेल्या माणसाच्या जवळ काही पैसे असतील तर तेही त्याच्या पोषणाच्या खर्चात वळते करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला होता. त्याची मालमत्ता असेल तर तिच्यातून, किंवा त्याला पोसणे ज्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे अशा नातेवाइकाकडून खर्च वसूल करण्यासाठी दिवाणी न्यायालयात जाता येत होते. हे काहीच नसेल तर सरकार खर्च करी. यात दुष्टपणा पाहण्याचे कारण नाही. त्या काळच्या इंग्लंडातल्या दारिद्र्य कायद्यांचीही विचारपद्धती अशीच होती. पण तिचा परिणाम नीट ध्यानात घेतला पाहिजे. सरकारी पैसा रुग्णाच्या हातात जाण्याची कल्पनाच या कायद्यात नव्हती. पैसा जायचा तो खाटेकडे, आणि खाटेचा खर्चसुद्धा आधी रुग्णाच्या खिशातून, मग त्याच्या नातलगांकडून आणि सगळ्यात शेवटी सरकारकडून. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ पासून अमलात आला तेव्हा ‘वेडा’ हा शब्द कायद्यातून गेला, पण देखभालीचा खर्च कोणी सोसायचा हे ठरवणारे प्रकरण बऱ्याच अंशी त्याच सुरात कायम राहिले.

खाटेभोवती उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचा दोष हा की खाट सुटली की पैसाही सुटतो. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात १८५० खाटा मंजूर आहेत. पगार, औषधे, जेवण, कपडे, इमारतींची डागडुजी, सगळा खर्च सरकार करते आणि करायलाच हवा. पण ज्या दिवशी रुग्ण बरा होऊन फाटकाबाहेर पडतो, त्या दिवसापासून त्याच्यावर होणारा हा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. घरच्यांना तो परत नको असण्याची कारणे अनेक असतील, पण त्यांतले एक साधे आहे: तो घरी आला की त्याच्याबरोबर काहीही येत नाही. डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयापुढे ठाण्याच्या रुग्णालयात बरी होऊनही वर्षानुवर्षे राहिलेल्या एका स्त्रीचा प्रश्न आला, आणि त्यातून राज्यातल्या चारही मनोरुग्णालयांतल्या दीर्घकाळ अडकलेल्या रुग्णांचा विषय ऐरणीवर आला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला, निवारागृहे आणि अर्धनिवासी सोयी उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, दारिद्र्यरेषेखालच्यांना मोफत उपचार दिले, विमा कंपन्यांना शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजाराला संरक्षण देणे भाग पाडले. या विषयावरचा देशातला हा सर्वांत उदार कायदा आहे. पण बरा झालेला माणूस महिन्याचा किराणा कशाने भरणार, याविषयी तो काही बोलत नाही. दरम्यान गावाबाहेरची म्हणून निवडलेली ती जागा शहराच्या मध्यात आली. ठाणे आणि मुलुंड यांच्या दरम्यानच्या नव्या रेल्वे स्थानकासाठी मनोरुग्णालयाच्या जमिनीचा तुकडा देण्यावरची स्थगिती उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये उठवली. स्थानक हवेच, ठाणे स्थानकातली गर्दी पाहिलेला कोणी ते नाकारणार नाही. मात्र रुग्णांसाठी राखलेल्या जमिनीचे मोल शहर वसूल करणार असेल, तर त्यातला काही वाटा रुग्णालयाबाहेर जगणाऱ्या रुग्णांकडे जावा, ही अपेक्षा रास्त आहे.

या पट्ट्यात खाटेबाहेर मनोरुग्णाला पैसा मिळण्याची पहिली खरी सोय मनोरुग्णांचा विचार करून झालीच नव्हती. ती कामगारांसाठी झाली. १९४८ चा कामगार राज्य विमा (ईएसआय) कायदा, आणि १९६२ साली वागळे इस्टेटपासून सुरू झालेला एमआयडीसीचा विस्तार, या दोहोंमुळे ठाणे ते अंबरनाथ पट्ट्यातल्या हजारो कामगारांकडे विम्याचे कार्ड आले. ईएसआयच्या दीर्घकालीन आजारांच्या यादीत क्षय, कर्करोग यांच्याबरोबर सायकोसिसही आहे, म्हणजे भ्रम-भास होणारे गंभीर मनोविकार. पुरेशी सेवा आणि वर्गणी झालेल्या कामगाराला अशा आजारात जास्तीत जास्त दोन वर्षे मजुरीच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. ही तरतूद मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुसंस्कृत वाटते. ती माणसाच्या घरात किती दारिद्र्य आहे ते विचारत नाही, त्याचा बाप कोण ते विचारत नाही. तू काम करत होतास, आजाराने ते थांबले, म्हणून तुझ्या मजुरीचा मोठा भाग तुला, इतका सरळ हिशोब. पण तिची मुळे कारखान्यात होती. डोंबिवलीतली प्रीमियरसारखी नावे इतिहासजमा झाली. २००९ मध्ये मोहोन्याच्या एनआरसीला टाळे लागले आणि हजारो कुटुंबे देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिली. नोकरी गेली की विमा गेला. शिवाय स्किझोफ्रेनियासारखा आजार बहुधा विशीच्या आसपास डोके वर काढतो, पहिली नोकरी लागण्याच्या आधी किंवा लागता लागता. ज्याने वर्गणीची दोन वर्षे कधी पुरी केलीच नाहीत त्याला ही सोय लागूच होत नाही.

विशीतल्या त्या मुलाला ज्याने सावरले तो त्याच्या वडिलांचा सेवा-अभिलेख होता. कल्याण हे १८५४ पासूनचे रेल्वेचे गाव. डोंबिवली तर गिरगाव-दादर-परळच्या चाळींतून उठून आलेल्या नोकरदारांची वसाहत. या घरांसाठी १९६४ ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना फार मोलाची ठरली. सरकारी किंवा रेल्वे कर्मचाऱ्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या पश्चात, मानसिक किंवा शारीरिक अपंगत्वामुळे स्वतः कमवू न शकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतही तशी सोय आहे. ८ फेब्रुवारी २०२१ च्या आदेशाने केंद्राने अशा मुलांसाठीची उत्पन्नाची मर्यादाही बरीच सैल केली. डोंबिवलीच्या एखाद्या घरात आईवडील गेल्यावर पन्नाशीचा आजारी मुलगा त्याच खोलीत, त्याच औषधांवर, कोणापुढे हात न पसरता राहू शकला असेल, तर त्यामागे पुष्कळदा हे निवृत्तिवेतन असते. महागाई भत्त्याबरोबर वाढणारी, दर महिन्याला खात्यात पडणारी अशी रक्कम मनोरुग्णाला दुसऱ्या कोणत्याही सरकारी योजनेने दिलेली नाही.

आणि तरीही तो पैसा त्याचा नाही. तो वडिलांच्या नोकरीची शिल्लक आहे. शेजारच्या दारात राहणाऱ्या, तोच आजार असलेल्या, पण रिक्षावाल्याच्या किंवा पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईच्या मुलाला त्यातले काही मिळत नाही. कागदांचाही जाच आहे. १९८७ च्या कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्याने ती काढली, आणि बँकेच्या खिडकीवर पालकत्वाचा दाखला मागितला की कुटुंबांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागू लागली. कर्मचाऱ्याने स्वतः केलेले नामनिर्देशन पुरेसे आहे, न्यायालयाच्या दाखल्याचा हट्ट धरू नका, असे केंद्राला बँकांना बजावावे लागले. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. नव्या पेन्शन व्यवस्थेत साठलेली रक्कम वारसांना मिळते, पण निवृत्त होऊन वारलेल्या कर्मचाऱ्याच्या अपंग मुलाला तहहयात निवृत्तिवेतनाची जुनी हमी राहत नाही. १ एप्रिल २०२५ पासूनच्या एकीकृत पेन्शन योजनेत निवृत्तीनंतरचा कुटुंबाचा वाटा फक्त पती किंवा पत्नीसाठी आहे. खासगी नोकरदारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत अपंग अपत्याला पेन्शन आहे, पण पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वाची अट मानसिक आजाराला क्वचितच बसते. जुन्या पेन्शनवाल्यांची शेवटची पिढी येत्या दोन-तीन दशकांत संपेल आणि मध्यमवर्गीय डोंबिवलीने ज्या आधारावर आपल्या आजारी मुलांची चिंता कमी केली तो आधार तिच्याबरोबर संपेल. याची चर्चा पेन्शनच्या मोर्चांत जवळजवळ होत नाही, आणि हे मला फार खटकते.

कर्मचाऱ्याच्या नात्यावर न विसंबता, आजार हाच आधार मानणारा कायदा १९९५ मध्ये आला. अपंग व्यक्तींच्या त्या कायद्याने सात अपंगत्वे मानली आणि त्यांत मानसिक आजाराचे नाव घातले. पण नाव घालून दार लावून घेतले, असेच म्हणावे लागेल. नोकरीतल्या ३ टक्के आरक्षणाचे तीन वाटे अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांच्यासाठी झाले. मानसिक आजाराला त्यात जागा नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता आली. मानसिक आजार पुन्हा बाहेर. रेल्वेच्या भाडेसवलतीत दिव्यांगांचे जे प्रकार मानले जातात त्यांतही तो नाही, आणि ज्या शहराचे आयुष्य लोकलवर चालते तिथे ही लहान बाब नव्हे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वे २१ केली आणि ४ टक्के आरक्षणात मानसिक आजाराचा समावेश झाला. पहिल्या कायद्यात नाव आल्यापासून आरक्षणात पाय टाकेपर्यंत एकवीस वर्षे गेली. अपंगत्व मोजायचे कसे, हा प्रश्न २००२ मध्ये आयडियाज नावाच्या मोजपट्टीने सोडवला. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या तज्ज्ञांनी ती तयार केली. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम या चार बाबींना शून्य ते चार गुण, आणि आजाराच्या कालावधीचे आणखी गुण, मिळून वीस. सात गुणांवर ४० टक्के. मोजपट्टी विचारपूर्वक केलेली आहे. तिच्यावर रचलेल्या योजना तशा नाहीत. केंद्राने २००९ मध्ये सुरू केलेले इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन ८० टक्क्यांना आणि दारिद्र्यरेषेखालीच मिळते. ८० टक्के म्हणजे चारही बाबींत गंभीर बिघाड, ज्याला स्वतः अंघोळ करणे आणि दुसऱ्याशी धड बोलणेही जमत नाही असा माणूस. रक्कम महिना ३०० रुपये, आणि २०१२ पासून तीत वाढ नाही.

राहता राहिली लोक ज्याला नुसते ‘निराधारचे पैसे’ म्हणतात ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. २ ऑक्टोबर १९८० रोजी बॅ. अ. र. अंतुले यांच्या सरकारने ती सुरू केली. महाराष्ट्रात अशा पद्धतीने दर महिन्याला रोख रक्कम देण्याची ही मोठी सुरुवात होती, आणि तिचे श्रेय द्यायला हवे. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १९९५ मध्ये आला, म्हणजे महाराष्ट्र केंद्राच्या पंधरा वर्षे पुढे होता. विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजारी आणि अपंग अशा अनेकांना एका छपराखाली घेणारी ही योजना आहे, आणि अपंगांत मनोरुग्णही येतात. रक्कम बरीच वर्षे ६०० रुपये होती, २०१९ मध्ये १००० झाली, २०२३ मध्ये १५००. २०२५ मध्ये दिव्यांगांच्या मानधनवाढीसाठी मोठे आंदोलन झाले, बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केले, आणि त्या वर्षी दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम २५०० झाली. त्याआधी ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र खाते काढले होते. हे सगळे खरे आणि स्वागतार्ह. पण योजनेच्या दारावर पाटी निराधाराची आहे आणि आत शिरायचे तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दाखवावे लागते: दिव्यांगांसाठी ५० हजार रुपयांच्या आत, इतरांसाठी २१ हजारांच्या आत. ५० हजार म्हणजे संपूर्ण घराची महिन्याची कमाई चार हजार एकशे सहासष्ट रुपये. कल्याण पूर्वेला चाळीतल्या खोलीचे भाडे काय पडते हे ज्याला माहीत आहे त्याने विचार करावा. घरात एक जण जरी किमान वेतनावर महिनाभर कामाला गेला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे प्रामाणिकपणे खरे उत्पन्न लिहिणाऱ्या कुटुंबाला योजना बंद, आणि चालू ठेवायची तर उत्पन्नाच्या दाखल्यावर न पटणारा आकडा येणार. योजनाच लोकांना असा दाखला काढायला लावत असेल तर दोष अर्जदाराचा मानता येत नाही. या आकड्यांची शेजारच्या योजनेशी तुलना करून पाहा. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. स्त्रियांना ती मदत मिळावी. तिच्याविरुद्ध माझा शब्द नाही. पण त्याच राज्यात, त्याच कुटुंबात, दिव्यांग माणसासाठी मर्यादा पाचपट खाली का, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे. २०१६ च्या कायद्याचे २४ वे कलम सांगते की दिव्यांगांना अशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक साहाय्य असावे. रकमेच्या बाबतीत २५०० ने ते पाळले जाते. पण दारच अरुंद ठेवल्यावर आतल्या रकमेने काय साधते?

आता यावर घेतल्या जाणाऱ्या हरकती. पहिली खर्चाची. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ प्रमाणे देशातल्या प्रौढांपैकी सुमारे ०.८ टक्के लोकांना त्या घडीला गंभीर मानसिक आजार होता. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या आसपास होती. दोन्ही मिळून प्रौढ साधारण एकवीस लाख धरले तर गंभीर आजाराचे लोक सतरा हजारांच्या घरात येतात. त्यांतल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, महिना २५०० रुपये दिले तरी वर्षाला पन्नास-एक कोटी. लोकसंख्या वाढली म्हणून आकडा दुप्पट करा, तरी शंभर कोटी. आणि सगळेच ४० टक्क्यांच्या निकषात बसणार नाहीत. एकट्या ठाणे महापालिकेचे अंदाजपत्रक पाच हजार कोटींच्या पुढचे असते. शिवाय महापालिकांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा असे राज्याचे धोरण आहे. तो सायकली, यंत्रे, स्टॉल यांवर खर्च होतो तेव्हा मनोरुग्णाच्या वाट्याला त्यातले थोडेच येते, कारण त्याला तीनचाकी नको असते. परवडत नाही हे म्हणणे म्हणून मला पटत नाही. ज्या नेपाळची तिजोरी महाराष्ट्राच्या मानाने फार लहान आहे तो नेपाळ गंभीर अपंगत्वाचे कार्ड असलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता भत्ता देतो. ब्रिटनमध्ये १९७१ साली दुसऱ्याच्या देखभालीची गरज असणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला तोही उत्पन्न न पाहता.

दुसरी हरकत खोट्या दाखल्यांची. २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याची निवड रद्द केली. त्या प्रकरणात दिव्यांगत्वाच्या दाखल्यांवरही शंका घेतल्या गेल्या, आणि तेव्हापासून या दाखल्यांकडे सगळीकडे संशयाने पाहिले जाते. लबाडी होते हे मान्य करू. पण ती कुठे होते ते पाहा: जिथे आरक्षित जागेची, बदलीच्या सवलतीची किंमत लाखांत आहे तिथे. अडीच हजारांसाठी मनोरुग्ण असल्याचा दाखला मिरवायला ज्या समाजात कोणी तयार होत नाही, तिथे उलट दिशेची चूक जास्त होते. २०११ च्या जनगणनेने साऱ्या देशात मानसिक आजाराचे अपंग अवघे सव्वासात लाख मोजले. वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणाचे ०.८ टक्के धरले तर ती संख्या त्याच्या कित्येक पट होते. म्हणजे बहुतेकांनी आजार सांगितलाच नाही. या रोगावर ठाण्यात तरी मोकळेपणाने बोलले जाऊ लागले, १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केल्यानंतर. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने आणि २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटाने ते बोलणे घराघरांत नेले. पण सांगण्याने काही मिळणार नसेल तर कागदावर ते सांगायला माणसे येणार नाहीत. नोंद कमी म्हणून पैसा कमी, आणि पैसा नाही म्हणून नोंद नाही, हे चक्र सरकारनेच तोडायचे आहे.

तिसरी हरकत चांगल्या मनाच्या डॉक्टरांचीही असते: आधी उपचार, मग पैसा, पैसा दिला तर माणूस आजाराला धरून बसेल. यात एक अर्धसत्य आहे, आणि ते आजच्या रचनेनेच निर्माण केले आहे. मानसिक आजाराचा दाखला अनेकदा मुदतीचा असतो. औषध घेऊन माणूस सुधारला, टक्का घसरला, की अनुदान थांबण्याची भीती. अशा वेळी बरे होणे महाग पडते. याचा उपाय अनुदान काढून घेण्यात नाही. सुधारल्यावरही काही वर्षे ते कायम ठेवणे, अर्धवेळ कामाची कमाई अनुदानातून न कापणे, हा आहे. राहता राहिले उपचार. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणाने दाखवले की रुग्णाच्या कुटुंबांचा उपचार आणि प्रवास यांवर महिन्याला साधारण १००० ते १५०० रुपये खर्च होतो. सरकारी बाह्यरुग्ण विभागात गोळ्या फुकट मिळाल्या तरी टिटवाळ्याहून ठाण्याला येणाऱ्या रुग्णाबरोबर जो येतो त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि हे दर महिन्याला. पैसा आणि उपचार यांना एकमेकांसमोर उभे करणाऱ्यांनी हा हिशोब विसरू नये. पैसा नसला की आधी गोळ्या सुटतात, मग खाट लागते, आणि त्या खाटेवर सरकार अनुदानाच्या कित्येक पट खर्च करते.

एक शेवटची हरकत मी सर्वांत गंभीरपणे घेतो, कारण ती कुटुंबांकडून येते. आमच्या मुलाच्या हाती पैसा दिला तर तो उधळेल किंवा कोणी लुबाडेल. हे घडू शकते. पण १८५८ पासून आजपर्यंत प्रत्येक कायदा याच भीतीवर उभा राहिला आणि त्यातूनच पैसा कायम दुसऱ्याच्या नावावर राहिला. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णालाही निर्णयक्षमता आहे असे गृहीत धरले आणि स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा हक्क त्याला दिला. अनुदान रुग्णाच्याच खात्यात, आणि त्याने निवडलेल्या माणसाची मदत व्यवहारात, अशी सोय त्या तत्त्वातून सहज निघते. कुटुंबाचे प्रेम आणि कुटुंबाचे उत्पन्न या वेगळ्या गोष्टी आहेत. घर पोसते म्हणून राज्याने अंग काढून घ्यावे, हे १९१२ च्या कायद्याचे तर्कशास्त्र आहे, आणि आजच्या कुटुंब-उत्पन्नाच्या अटीत ते जसेच्या तसे जिवंत आहे.

म्हणून राज्य सरकारकडे मागणी एकच आणि नेमकी: ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या प्रौढासाठी संजय गांधी योजनेत कुटुंबाचे उत्पन्न पाहू नये, त्याचे स्वतःचे पाहावे. आणि ज्या घरांत जुन्या पेन्शनचा आधार अजून आहे त्यांना एक विनंती. आईवडील दोघेही हयात असतानाच आजारी मुलाचे किंवा मुलीचे नाव, अपंगत्वाचा दाखला आणि पालक म्हणून निवडलेल्या माणसाचे नामनिर्देशन आपल्या निवृत्तिवेतनाच्या कागदांत नोंदवून घ्या, आणि नोंद झाल्याची पोच हातात घेतल्याशिवाय कार्यालयातून परतू नका.